अशरण भावना आणि संकटकाळातील श्रद्धा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा सोहळा असतो. पन्नास वर्षांत उभ्या राहिलेल्या वास्तू, पार पडलेले महोत्सव आणि दात्यांचे औदार्य यांचे स्मरण अशा प्रसंगी होणे स्वाभाविकच आहे. तथापि कोणत्याही धर्मसंस्थेची खरी कसोटी उत्सवाच्या दिवशी लागत नाही. ती लागते संकटाच्या रात्री. ज्या रात्री माणसाचे धन, बुद्धी, ओळखीपाळखी आणि हातातील सारी साधने निकामी ठरतात, त्या रात्री त्याच्यापाशी धर्म म्हणून काय उरते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

एप्रिल २०२१ मधील एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. रुग्णालयाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला एक श्रावक बसलेला आहे. आत त्याची वृद्ध आई प्राणवायूवर आहे. त्याला आत जाता येत नाही, तिचा हात हाती घेता येत नाही, डॉक्टरांना दोन मिनिटे भेटता येत नाही. आयुष्यभर व्यापार करून त्याने जोडलेली माणसे फोन उचलतात, हळहळतात आणि असमर्थता व्यक्त करतात. खिशात पैसे आहेत, परंतु पैशाने मिळणारी वस्तूच बाजारात नाही. लहानपणापासून ज्याच्या ओठांवर नवकार आहे, अशा त्या माणसाच्या मनात प्रश्न येतो, ‘इतकी वर्षे पूजा केली, पर्युषणात उपवास केले, मग आज देव कोठे आहे?’

हा प्रश्न पाप नव्हे. तो श्रद्धाहीनतेचे लक्षणही नव्हे. दुखावलेल्या अंतःकरणातून तो उमटतो आणि म्हणूनच त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. जैन माणसाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. इतर अनेक परंपरांत ईश्वर हा जगाचा कर्ता, पालनकर्ता मानलेला आहे. भक्ताने हाक मारावी आणि त्याने धावून यावे, अशी तेथील भावना असते. जैन दर्शनात मात्र अरिहंत आणि सिद्ध हे वीतराग आहेत. ते कोणावर प्रसन्न होत नाहीत, कोणावर कोपत नाहीत. मग जो देव देणारही नाही आणि घेणारही नाही, त्याच्यावर संकटकाळी विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर नवकार महामंत्रातच आहे. या मंत्राचा अर्थ लक्षपूर्वक पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यात पाच परमेष्ठींना नमस्कार आहे, परंतु मागणी एकही नाही. आरोग्य, धन किंवा दीर्घायुष्य यांची याचना तेथे नाही. कोणा एका व्यक्तीचे नावही नाही. नमस्कार आहे तो गुणांना. घाटातल्या काळोख्या रस्त्यावरून जाणाऱ्या वाटसरूला दूरवर एक दिवा दिसतो. तो दिवा उठून त्याच्यापाशी येत नाही, त्याचे ओझे उचलत नाही, रस्त्यातील काटे वेचत नाही. तरीही तो दिसताच वाटसरूच्या पायांत बळ येते, दिशा कळते. दिव्याने काहीही केलेले नसते आणि तरीही दिव्यावाचून ती वाट चालवली नसती. वीतरागावरील श्रद्धा ही अशी असते.

दुसरे उत्तर बारा भावनांमध्ये आहे. अनित्य भावनेच्या पाठोपाठ शास्त्रकारांनी अशरण भावनेला स्थान दिले. मृत्यू, व्याधी आणि कर्माचा उदय यांच्यापासून वाचविण्यास या संसारात कोणीही समर्थ नाही, हे चिंतन म्हणजे अशरण भावना. वरवर पाहता हे चिंतन निराशेचे वाटते. परंतु ज्या जैन परंपरेने अशरण भावना सांगितली, तिनेच अरिहंत, सिद्ध, साधू आणि केवलीप्रणीत धर्म ही चार शरणेही सांगितली. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. जे शरण नाही त्याला शरण मानण्याचा भ्रम गळून पडल्याखेरीज खऱ्या शरणाकडे जीव वळत नाही.

उत्तराध्ययन सूत्राच्या विसाव्या अध्ययनात, महानिर्ग्रंथीय अध्ययनात, अनाथी मुनींची कथा आली आहे. असहायतेवर याहून मार्मिक कथा क्वचितच सापडेल. मगधाचा राजा श्रेणिक राजगृहाबाहेरील मंडिकुक्षी उद्यानात गेला असता एका वृक्षाखाली बसलेले तरुण, तेजस्वी मुनी त्याला दिसले. भोगाच्या वयात संन्यास का घेतला, असे राजाने विचारले. मुनी म्हणाले की आपण अनाथ होतो. राजाला हसू आले. असा रूपवान पुरुष अनाथ कसा असेल? तो म्हणाला की मीच तुमचा नाथ होतो. त्यावर मुनींनी शांतपणे सांगितले की राजा, तू स्वतःच अनाथ आहेस. जो स्वतः अनाथ, तो दुसऱ्याचा नाथ कसा होणार?

श्रेणिक चकित झाला. हत्ती, घोडे, सैन्य, नगरे, अंतःपुर, आज्ञा झेलणारे सेवक असे सर्व काही असलेल्या राजाला आजवर कोणी अनाथ म्हटले नव्हते. तेव्हा मुनींनी आपली हकीकत सांगितली. कौशांबीच्या एका अतिशय धनाढ्य पित्याचे ते पुत्र. तारुण्यात त्यांच्या डोळ्यांत असह्य वेदना सुरू झाल्या आणि सर्वांगाचा दाह होऊ लागला. निष्णात वैद्य आले, त्यांनी सर्व उपचार केले, गुण आला नाही. वडिलांनी सारी संपत्ती ओतण्याची तयारी दाखवली, गुण आला नाही. आई शोकाने व्याकूळ झाली, भाऊ-बहिणी धावपळ करीत राहिल्या. पत्नीने अन्नपाणी आणि स्नान सोडले, ती क्षणभरही दूर झाली नाही, तिच्या अश्रूंनी पतीची छाती भिजली. तरीही वेदना तसूभर कमी झाली नाही. मुनी म्हणतात, हीच माझी अनाथता.

या कथेतील बारकावा पाहण्यासारखा आहे. त्या घरात प्रेमाची उणीव नव्हती, पैशाची नव्हती, वैद्यकाची नव्हती. कोणीही कर्तव्यात कसूर केलेली नव्हती. अनाथता म्हणजे टाकून दिले जाणे नव्हे. सर्वांनी सर्व काही केल्यानंतरही वेदना ज्याची त्यालाच भोगावी लागते, ही वस्तुस्थिती म्हणजे अनाथता. रुग्णालयाबाहेर बसलेल्या त्या श्रावकाला आपण आईसाठी काही करू शकलो नाही, ही टोचणी लागून राहते. अनाथी मुनींची कथा त्याला सांगते की कौशांबीच्या त्या कुटुंबालाही काही करता आले नव्हते आणि त्यात त्यांचा अपराध नव्हता.

त्या रात्री मुनींनी निश्चय केला की या वेदनेतून एकदा मुक्त झालो, तर क्षमाशील आणि निरारंभ असे साधुजीवन स्वीकारीन. पहाट होईपर्यंत वेदना शमली आणि त्यांनी दीक्षा घेतली. कोणी म्हणेल की हा तर नवसच झाला. परंतु नवसात माणूस बाहेरच्या शक्तीला काहीतरी देऊ करतो; येथे मुनींनी स्वतःलाच बदलण्याचे ठरविले. म्हणूनच ते राजाला पुढे सांगतात की सुखदुःखाचा कर्ता आत्माच आहे, मित्रही तोच आणि शत्रूही तोच. त्याहीपुढे जाऊन त्यांनी अनाथतेचा आणखी एक प्रकार सांगितला, तो कथा सांगताना बहुधा वगळला जातो. जो साधुव्रते घेऊन ती पाळत नाही, केवळ वेष धारण करतो, तोही अनाथच. धर्माचे बाह्य चिन्ह अंगावर आहे आणि अंतरात धर्म नाही, अशा माणसाला संकटात ते चिन्ह तारू शकत नाही. हा इशारा साधूंइतकाच श्रावकांनाही लागू पडतो.

येथे एका सूक्ष्म दोषाचा विचार करणे आवश्यक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. नकोशा गोष्टीचा संयोग झाला असता ती दूर व्हावी याचा ध्यास, प्रिय गोष्टीचा वियोग झाला असता तिच्या प्राप्तीचा ध्यास, वेदनेचा ध्यास आणि निदान. संकटात सापडलेल्या माणसाच्या मनात यांपैकी पहिले तीन प्रकार आपोआप निर्माण होतात, हे कोणीही अनुभवाने सांगेल. चौथा प्रकार मात्र श्रद्धेचा वेष घेऊन येतो. तप किंवा भक्ती यांच्या मोबदल्यात भोगाच्या फळाची अपेक्षा धरणे म्हणजे निदान. ‘इतक्या माळा जपतो, एवढे काम कर’ हा सौदा त्याच वाटेवरचा होय. सौद्याचा स्वभावच असा की माल मिळाला नाही, तर व्यवहार तुटतो. म्हणून सौद्यावर उभी असलेली श्रद्धा पहिल्याच अपयशात कोसळते आणि माणूस दुप्पट पोरका होतो.

भगवान पार्श्वनाथांवर कमठाच्या जीवाने घोर उपसर्ग केला. मुसळधार वृष्टी झाली, पाणी वाढत गेले. त्या वेळी धरणेंद्राने फणांचे छत्र धरले. त्याच फणांसहित पार्श्वप्रभूंची मूर्ती घरोघरी पूजिली जाते. याउलट श्रीकृष्णांचे धाकटे बंधू गजसुकुमाल मुनी स्मशानात ध्यानस्थ असता सोमिलाने त्यांच्या मस्तकावर मातीची पाळ बांधून त्यात धगधगते निखारे ठेवले. तेथे कोणी धरणेंद्र आला नाही. श्रीकृष्णांसारखा समर्थ भाऊ असूनही त्या रात्री उपयोग झाला नाही. एकाला साहाय्य मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही. परंतु समभाव दोघांचाही ढळला नाही. पार्श्वप्रभूंनी कमठावर द्वेष केला नाही आणि धरणेंद्रावर रागही केला नाही. गजसुकुमालांनी त्याच रात्री मोक्ष साधला. साहाय्य येणे अथवा न येणे हे श्रद्धेचे माप नव्हे, हे या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या की स्पष्ट होते.

भगवान महावीरांच्या साधनाकाळाच्या प्रारंभी एका गुराख्याने आपले बैल हरवले म्हणून त्यांच्यावर हात उगारला. तेव्हा इंद्राने येऊन पुढील बारा वर्षे सेवेत राहण्याची अनुज्ञा मागितली. भगवंतांनी ती नाकारली. अरिहंत पद दुसऱ्याच्या बळावर प्राप्त होत नसते, असा त्यांच्या उत्तराचा आशय परंपरेने जपला आहे.

आणि ज्यांनी प्रत्यक्ष महावीरांनाच आपला आधार मानले होते, त्या गौतमस्वामींचे काय झाले? पावापुरी येथे भगवंतांचे निर्वाण झाले, तेव्हा गौतमस्वामी देवशर्मा ब्राह्मणाला प्रतिबोध देण्यासाठी गेले होते. परतताना वार्ता कानी पडली. चार ज्ञानांचे धनी असलेले ते गणधर लहान मुलासारखे रडले. अखेरच्या क्षणी मला दूर का पाठविले, असे त्यांचे मन आक्रंदू लागले. प्रियजनाच्या अंतकाळी जवळ नसण्याचे दुःख किती दारुण असते, हे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत असंख्य घरांनी अनुभवले. त्या घरांनी हे जाणून घ्यावे की हेच दुःख गौतमस्वामींच्याही वाट्याला आले होते. रडणे हा श्रद्धेचा पराभव नाही. त्या विलापातूनच त्यांना उमगले की प्रभू वीतराग होते, राग माझ्या मनात होता. तो धागा तुटताच त्यांना केवलज्ञान झाले. दिवाळीनंतरच्या पाडव्याला गौतमस्वामींचे स्मरण केले जाते, त्याच्या मुळाशी हे अश्रू आहेत.

महाराष्ट्राच्या भूमीवरील उदाहरण द्यायचे, तर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचे द्यावे लागेल. वृद्धापकाळी त्यांची दृष्टी मंदावली. ज्या मुनीला पुढील जमीन निरखून पाऊल टाकायचे असते, पायाखाली जीव येऊ नये म्हणून जपायचे असते, त्याला दृष्टी जाणे म्हणजे व्रतच धोक्यात येणे. देहापुढे ते असहाय झाले होते. परंतु त्यांनी दृष्टी परत मिळावी म्हणून देवाकडे हट्ट धरला नाही. १९५५ साली कुंथलगिरी येथे त्यांनी सल्लेखना स्वीकारली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी शांत परिणामाने देह ठेवला. त्या काळात त्यांनी मराठीतून केलेला अंतिम उपदेश ध्वनिमुद्रित आहे. ज्या कुंथलगिरीवर कुलभूषण आणि देशभूषण मुनींनी उपसर्ग सहन केला अशी परंपरा सांगते, तेथेच विसाव्या शतकातील एका मराठी जाणणाऱ्या आचार्यांनी अशरण भावनेला प्रत्यक्ष आचरणाचे रूप दिले.

आता एका गैरसमजाविषयी स्पष्टपणे बोलले पाहिजे. संकटात सापडलेल्या माणसाला ‘हे तुझ्याच कर्माचे फळ’ असे ऐकविण्याची वाईट सवय समाजात आहे. कर्मसिद्धांत हा स्वतःकडे पाहण्याचा आरसा आहे. दुसऱ्यावर उगारण्याची काठी नव्हे. स्वतःचे दुःख सोसताना कर्माचा विचार केला, तर द्वेष शमतो आणि धैर्य येते. दुसऱ्याचे दुःख पाहताना मात्र मनात यायला हवी ती करुणा. शिवाय जैन चिंतनाने केवळ कर्मालाच कारण मानलेले नाही. काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ या पाचांचा समवाय सांगितला आहे. म्हणून उपचार घेणे, डॉक्टरांचे ऐकणे, शेजाऱ्याकडे मदत मागणे यांत श्रद्धेला कमीपणा येत नाही. पुरुषार्थ शेवटपर्यंत करावा आणि फळाविषयी समभाव ठेवावा, हीच श्रावकाची रीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणेशविसर्जन झाले होते, दिगंबर मंदिरांतून दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. काही क्षणांत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे दगावली. तो विनाश का झाला, या प्रश्नावर प्रवचने देऊन कोणाचेही अश्रू पुसले गेले नसते. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी उचलली. त्या मुलांचा धर्म कोणी विचारला नाही. सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची गणना केलेली आहे, तिचा अर्थ अशा वेळी कळतो. उपवास हे बाह्य तप. ग्लान माणसाची सेवा हे अभ्यंतर तप.

२०२० साली आणखी एक वेगळी परीक्षा झाली. मार्चअखेर टाळेबंदी आली. ६ एप्रिल रोजी महावीर जन्मकल्याणक घरातच साजरे झाले, मिरवणूक निघाली नाही. पर्युषणातही मंदिरांची दारे बंद राहिली. २१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन मंदिरे अखेरच्या दोन दिवसांपुरती अटींसह उघडण्यास अनुमती दिली. राज्यातील प्रार्थनास्थळे उघडण्यास १६ नोव्हेंबरचा पाडवा उजाडला. त्या आठ महिन्यांत ज्यांचा धर्म केवळ मंदिराच्या पायरीपुरता होता, ते गोंधळले. ज्यांच्या घरात सामायिक होते, प्रतिक्रमण होते, त्यांचे दार कोणी बंद करू शकले नाही.

म्हणून संकटाची रात्र येण्यापूर्वीच अभ्यास हवा. पोहणे पुरात शिकता येत नाही. दररोज अठ्ठेचाळीस मिनिटांचे एक सामायिक करणारा माणूस वर्षभर समभावाचा सराव करीत असतो. एरवी त्याचा उपयोग दिसत नाही. प्रसंग आला की तो हाताशी येतो. ज्यांना तेवढे जमत नाही, त्यांनी झोपण्यापूर्वी चार शरणांचे स्मरण करावे, दिवसभरात दुखावलेल्यांची मनोमन क्षमा मागावी. आणि प्रत्यक्ष संकटात, जेव्हा काहीच सुचत नाही, तेव्हा एक कायोत्सर्ग पुरेसा आहे. काही श्वासांपुरते देहाचे ममत्व सोडून स्थिर राहायचे, मनात नवकार म्हणायचा आणि नंतर डोळे उघडून पाहायचे की या क्षणी आपल्या हाती कोणते कर्तव्य आहे.

रुग्णालयाबाहेरच्या त्या श्रावकाकडे आता परत वळू. देव कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याला आकाशातून मिळाले नाही. थकून त्याने डोळे मिटले, सवयीने नवकार ओठांवर आला. या वेळी मात्र त्याने त्यापुढे मागणी जोडली नाही. काही वेळाने डोळे उघडले, तेव्हा त्याला शेजारी बसलेला परगावचा तरुण प्रथमच दिसला. तो तरुण सकाळपासून उपाशी होता. श्रावकाने घरून आलेला डबा उघडला आणि अर्धा त्याच्यापुढे ठेवला. दोन दिवसांनी त्याची आई गेली. ती घरी परत आली असती, तर तिच्या येण्याला श्रद्धेचा विजय म्हणण्याचा मोह झाला असता. ती आली नाही, म्हणून श्रद्धा हरली असेही नाही. ज्या रात्री त्याच्या हाती काहीच उरले नव्हते, त्या रात्री त्याच्या हातून करुणा घडली आणि त्याचे मन द्वेषाने काळवंडले नाही. जे त्याच्यापासून कोणी हिरावून घेऊ शकले नाही, तेच त्याचे शरण होते.

तो डबा त्याच्यापर्यंत पोहोचविणारे कोणीतरी होते, हेही विसरून चालणार नाही. धर्मसंस्थेचे कार्य नेमके तेथे आहे. वेदना कोणाला वाटून घेता येत नाही, परंतु वेदना भोगणाऱ्याच्या शेजारी बसता येते. ज्या ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली, त्याने पुढील पन्नास वर्षांत किती शिखरे बांधली यापेक्षा किती असहाय माणसांच्या शेजारी त्याची माणसे जाऊन बसली, याची नोंद ठेवावी. ती नोंद कोणत्याही हिशेबवहीत बसणार नाही. परंतु संकटाच्या रात्री ज्यांनी दार ठोठावले, त्यांच्या स्मरणात ती कायम राहील.

सर्वांना अरिहंतांचे शरण लाभो, सिद्धांचे शरण लाभो, साधूंचे शरण लाभो, धर्माचे शरण लाभो आणि त्या शरणाच्या बळावर प्रत्येकाने दुसऱ्याला आधार द्यावा, हीच मंगलभावना.

जय जिनेंद्र!